पेंटरचा उजवा हात

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, त्यामुळे मला काही सोडून देता येत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

फिजिओथेरपी सेंटरच्या तळमजल्यावरची शेवटची खोली. मोठमोठ्या खिडक्या, पांढरी फरशी, कोपऱ्यात पाण्याचा कूलर. घाबरावं असं तिथे काहीच नव्हतं.

माझा धाकटा काका दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळा बाजार त्याला पेंटर म्हणायचा. छापील बोर्ड आले तरी जुने दुकानदार अक्षरं त्याच्याकडूनच काढून घ्यायचे. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, सरळसोट रेघ. त्या हातावर त्याचा फार जीव.

मग त्याला स्ट्रोक आला.

बोलणं सावरलं, पायही सावरला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला.

काका मुळात चेष्टेखोर. त्या हाताला तो जावईबापू म्हणायचा. “काम काडीचं नाही, आणि टेकायला उशी मऊच पाहिजे!” आम्ही हसायचो. पण एकदा मी त्याला वर्तमानपत्राच्या कडेला डाव्या हाताने ‘अ’ काढताना पाहिलं. मला बघताच त्याने कागद चुरगळला.

डॉक्टरांनी रोबोटवरची थेरपी सुचवली.

रोबोट म्हणजे माणसासारखा वगैरे नाही. टेबलाला जोडलेला एक यांत्रिक हात. त्यात पेशंटचा हात ठेवून मनगटाशी आणि कोपराशी पट्टे आवळायचे. समोर स्क्रीनवर एक पेला दिसतो. तो उचलून फळीवर ठेवायचा. तुमचा जोर जेवढा कमी पडेल, तेवढं मशीन ढकलतं. स्क्रीनच्या कडेला दोन रंगीत रेघा असतात. निळी मशीनच्या जोराची, हिरवी पेशंटच्या.

काकाची हिरवी रेघ उगवतच नव्हती.

माझी नोकरी सकाळच्या पाळीची. त्यामुळे दुपारी त्याला गाडीतून न्यायचं काम माझ्याकडे आलं. शेजारी खुर्ची टाकून मी बसून राहायचे. मोटरची घूंऽऽ ऐकत कधी कधी डुलकीही काढायचे.

एका दुपारी मशीन वर निघालं आणि मध्येच अडलं.

टीं... टीं... टीं...

“काका, हात खाली दाबू नका,” थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. वयाने लहान, पण कामात चोख होत्या.

“मी कुठे दाबतोय? दाबता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?”

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. मीही पाहिलं.

हिरवी रेघ... वर आली होती.

“काका! हा तुमचा जोर आहे! दिशा चुकतेय, पण जोर आहे!”

मी टाळ्याच वाजवल्या. काका हसला नाही.

पट्टे सोडले तेव्हा माझं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. स्ट्रोक आल्यापासून ती कायम मुठीत आखडलेली असायची.

आज ती... फाकलेली होती.

प्रत्येक दोन बोटांमध्ये सारखी जागा. कुणीतरी त्यात आपली बोटं गुंतवावीत आणि आत्ताच काढून घ्यावीत, तशी.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “मशीन मनगट धरतं ना गं?”

“हो.”

“मग बोटं कोणी धरली?”

मी मॅडमना विचारलं. स्ट्रोकनंतर मेंदू असे खोटे भास देतो, हे त्यांनी नीट समजावलं. मला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं.

पुढे पुढे हिरवी रेघ चढत गेली. टीं टीं कमी झालं. पेला फळीवर जायला लागला. घरी काकू येईल-जाईल त्याला सांगत सुटली, “आमच्या ह्यांचा हात आला!”

आणि एका संध्याकाळी जेवता जेवता काका म्हणाला, “मी उद्यापासून जाणार नाही.”

“अहो, डोकं फिरलंय का?” काकूचा घास हातातच राहिला. “हात हलतोय तुमचा!”

“मी नाही हलवत.”

“मग कोणी का हलवेना! हलतोय ना?”

बोलून गेली, आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

काका माझ्याकडे वळला. आवाज अगदी हळू.

“मला वाटलं होतं, कोणीतरी माझा हात उचलायला मदत करतंय. तसं नाहीये गं. ते माझ्या हाताला धरून... उठतंय.”

मला हसू आलं नाही.

“आधी पार फरशीवरून ओढायचं. मग गुडघ्याच्या उंचीवरून. आता कमरेपर्यंत आलंय. पडायच्या भीतीने माणूस कसं धरतो, तसं धरतं. आणि मला सोडवता येत नाही. सोडायला हात माझा चालायला हवा ना?”

“मग नको जाऊस काका. मी सांगते मॅडमना.”

त्याने उशीवरच्या हाताकडे पाहिलं.

“नाही गेलो तर अर्धवट राहील.”

“कोणाचं?”

दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी तयार होऊन दारात उभा होता.

त्या दुपारी खोलीत लख्ख ऊन होतं. मॅडमनी पट्टे आवळले. घूंऽऽ सुरू झाली. हात वर निघाला. पेल्याच्या वर गेला. फळीच्याही वर गेला.

टीं... टीं... टीं...

मॅडमनी लाल बटण दाबलं. मोटर बंद झाली.

आणि मग... काहीच आवाज नाही.

बाहेरच्या गाड्यांचा नाही. कूलरचा नाही. माझ्या स्वतःच्या श्वासाचासुद्धा ऐकू येईना.

मॅडमनी भराभर पट्टे सोडवले. मशीनचा हात सुटून टेबलावर टेकला.

काकाचा हात... वरच राहिला.

नुसता वर नाही. थरथरत होता. जड बादली तोलून धरल्यावर थरथरतो, तसा. स्क्रीनवर निळी रेघ शून्य. हिरवीही शून्य.

मी पुढे होऊन त्याची बोटं धरली. मिटायचा प्रयत्न केला.

मिटेनात.

मध्ये काहीतरी होतं. दिसत नव्हतं. गार असतं तर कदाचित एवढी घाबरले नसते. ते कोमट होतं... आणि घामट.

मी हात झटकून मागे झाले. मॅडम भिंतीला टेकल्या होत्या.

काकाच्या डोळ्यांत पाणी होतं. पण आवाज शांत. लहान मुलाशी बोलावं तसा.

“झालं... झालं... आता पाय टेक.”

माझी रिकामी खुर्ची फरशीवर करकरत... मागे सरकली.

काकाचा हात सावकाश खाली आला. कमरेपाशी थांबला. आणि बोटं मिटली. एकेक करून, कुणाचा तरी हात धरावा तशी. त्याने स्वतः मिटली, हे मला स्पष्ट दिसलं.

कूलर पुन्हा घुरघुरायला लागला.

“घरी व्यायाम चालू ठेवा,” मॅडम एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. नंतर त्यांनी कधी फोनही उचलला नाही. ते मशीन तिथेच आहे, आणि बाकीच्या पेशंटना कधी काही झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

काकाचा हात आला. पूर्ण आला. डॉक्टरांनी पाठ थोपटली. तो पुन्हा शिडीवर चढतो, पाट्या रंगवतो, रेघ तशीच सरळ येते.

एकदा धीर करून विचारलं, “काका, रंगवताना... ते?”

“काम असलं की खाली थांबतं,” तो म्हणाला. “समजूतदार आहे.”



त्याचा पाय आता ठणठणीत आहे. तरीही तो फार सावकाश चालतो. उजवा हात अंगापासून जरा लांब धरून. जिन्यात प्रत्येक पायरीवर थांबतो, उजवीकडे खाली बघतो, मग पुढची पायरी. काकू हल्ली त्याच्या डाव्या बाजूला झोपते. कारण मी विचारत नाही, ती सांगत नाही.

परवा आम्ही दोघं बाजारातून येत होतो. मोठा रस्ता ओलांडायचा होता. सिग्नल पडला, गाड्या थांबल्या, सोबतची माणसं भराभर पलीकडे गेली.

काका मात्र जागचा हलेना.

“चल ना,” मी म्हटलं.

“जरा थांब. दम लागलाय.”

“तुला?”

त्याने नुसती मान हलवली. नाही.

मी थांबले. त्याच्या डाव्या बाजूला.