कोंडावर घेतलेलं नाव

मंगळवारी दुपारी बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण सानिकाने तेव्हाच मोबाईल बघितला आणि भिजू नये म्हणून कातळावर ठेवला. मग सलवार वर दुमडून ती कोंडाच्या पाण्यात उतरली.

काम साधंच होतं. रत्नागिरीत नाचणे भागातल्या तिच्या दोन खोल्यांत माशांची काचेची टाकी होती. नवरा गुरुप्रसाद मुंबईला कंपनीत. गणपतीत आला तेव्हा चार वर्षांच्या लेकीसाठी त्याने ती आणलेली. गप्पी मासे, तळाला वाळू, प्लास्टिकची दोन झाडं. दिवाळीनंतर गप्पीने पिल्लं दिली आणि पोरीच्या डोळ्यांदेखत मोठ्या माशांनी ती गिळली. पोर दोन दिवस धड जेवली नाही. दुकानदार म्हणाला, "वहिनी, खरी झाडं लावा. पिल्लांना लपायला जागा पाहिजे." त्याच्याकडची झाडं लावली, ती आठ दिवसांत कुजली, टाकीला वास मारायला लागला. तेव्हा सानिकाला माहेरचा कोंड आठवला. लांज्याच्या बाजूला त्यांच्या गावाखालून पऱ्या, लहानसा ओढा, वाहतो, त्याच्या वळणावरचा हा डोह. तिथे फितीसारखी लांब हिरवी पानं पाण्याखाली डुलत असतात.

सोबत लेक होती आणि शेजारची म्हातारी जनीकाकी. लेकीचं तेव्हाचं नाव इथे लिहीत नाही. का, ते कळेलच.

"माशांना लपायला झाडं," जनीकाकी वाटेवर म्हणाली. "माझ्या गोठ्याला अजून दार नाय."

वर मळ्यांत भात कापून झालेलं, ऊन लखलखीत. खाली कोंडावर मात्र काळोखी सावली, शेवाळाचा गार वास, आणि एकही पाखरू बोलत नव्हतं. झाडं उपटताना खालून कोणी धरून ठेवावं तसा जोर लागला. मग एकदम सुटली.

त्या गावात पाण्यावरून निघताना लहान मुलाला नाव घेऊन तीनदा हाक मारतात, "चल घरी" म्हणतात. म्हणजे मूल मनाने पाण्याशी राहत नाही. पण आधी मुलाचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि मगच नाव उच्चारायचं. शहरात राहून सानिका हे अर्धंच लक्षात ठेवून होती. मुळांची माती धुता धुता, पाण्याकडे बघतच तिने तीन हाका मारल्या.

"आले," पाठीमागून आवाज आला. पोरीचाच. ओढणीचं टोक मुठीत धरल्यासारखं ताणलं गेलं.

सानिका न वळता पायवाट चढायला लागली. "सावकाश ये हां, निसरडं आहे. घरी गेल्यावर दोघी मिळून लावू." मागून ओल्या पावलांची चपचप येत होती.

वर बांधावर तिची लेक जनीकाकीच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती. कोरडी ठणठणीत.

"कोनाशी बोलत येतेस गो?" काकीने विचारलं.

सानिकाने मागे बघितलं. वाट रिकामी होती. ओढणीचं टोक तेवढं भिजून गळत होतं.

"नाव घेतलंस?"

"घेतलं."

"हात धरून?"

"ही तर तुमच्याकडे..."

काकीने पोरीला पोटाशी ओढलं. मग हळू म्हणाली, "हातातलं हितंच टाक बाय. कोंडातलं काय घरी नेव नको."

सानिका "टाकते" म्हणाली. पण एवढा एसटीचा प्रवास, आणि पोरीचं ते न जेवणं... काकी पाठमोरी झाली तशी तिने झाडांची पिशवी टॉवेलात गुंडाळून घेतली.

टाकीत झाडं अशी धरली की दुसऱ्या दिवशी नवी पानं. पण मासे त्या बाजूला फिरकेनात. सगळे उलट्या कोपऱ्यात, काचेला तोंड लावून. त्याच आठवड्यात झालेली नवी पिल्लंही तिकडेच, मोठ्यांच्या तोंडाशी राहिली, पण पानांत लपली नाहीत.

बुधवारी जेवायला वाढताना सानिकाने लेकीला हाक मारली. "आले," बाहेरच्या खोलीतून, टाकीच्या बाजूने उत्तर आलं. लेक तिच्या शेजारी पाटावर बसलेली होती. तोंड मिटून.

गुरुवारी लेक हाकेला वळेना, बोलेनाही. डॉक्टरांनी कान तपासले. चांगले होते. दार आपटलं की दचकायची, पण नाव घेतलं की नुसती बघत राहायची, जणू दुसऱ्याच कोणाला बोलावलंय. आणि टाकीकडून उत्तर रोज लवकर येत होतं. शेवटी शेवटी सानिकाच्या तोंडून लेकीचं नाव पुरतं निघायच्या आधीच... "आले."

शनिवारी उजाडता उजाडता तिने झाडं मुळासकट काढली आणि लेकीला छातीशी बांधून कोंड गाठला. जनीकाकीने झाडं स्वतःच्या हाताने पाण्यात सोडली.

"नाव?" सानिकाने विचारलं.

"ते नाय परत द्यायचा कोन. नवीन ठेव."

काकीच्या उंबऱ्यावर, कुंकू लावून, हात घट्ट धरून सानिकाने लेकीच्या कानात म्हटलं, "सानवी."

पोरीने मान वर केली. "काय गो आई?" चार दिवसांतले तिचे पहिले शब्द. सानिका तिथेच बसली आणि रडली.

गुरुप्रसादला हे पटणं कठीणच. "नाव काय साडी आहे बदलायला?" म्हणाला. रविवारी संध्याकाळी फोन केला आणि सवयीने जुन्याच नावाने लेकीला हाक मारली. सानवी सानिकाच्या मांडीवर रंगवत होती. तिने वर बघितलंही नाही.

पलीकडून गुरुप्रसादने हळू विचारलं,

"ती... तुझ्याजवळच आहे ना?"

"मांडीवर. का?"

"फोनवर नाही बोलली ती. इथे मोरीत बादली भरत लावलीय. तिथनं म्हणाली, 'आले बाबा.'"

नळाची धार ऐकू येत होती. मग ती बंद झाली. गुरुप्रसाद जागचा उठलाही नव्हता.

म्हणून नाचण्यातल्या, माहेरच्या वाडीतल्या, मुंबईच्या सगळ्या नातेवाइकांना एवढं कळवा. मुलीला सानवीच म्हणायचं. जुनं नाव आठवलं तर आठवू दे, पण लाडानेसुद्धा तोंडातून काढू नका. ज्यांना अजून माहीत नाही, त्यांना आजच सांगा.