राखणदाराची जुनी बोली

फक्त एक आकडा बदलला होता. तेवढ्याने माडवेळच्या किनाऱ्यावरचा राखणदार दगड होऊन बसला, आणि हे कसं झालं तेच ऊर्मीला कळेना.

राखणदार म्हणजे कासवांच्या अंड्यांची राखण करणारा यंत्रमानव. ऊर्मीच्या सुलूआत्याने तो आपल्या तरुणपणी बनवला होता, आणि गाव त्याला दरवर्षी मानाचा नारळसुद्धा देई. यंदा समुद्र आत सरकला, म्हणून घरटी वर हलवली. ऊर्मीने प्रोग्राममध्ये गस्तीची हद्द बदलली, नव्या संगणकावर प्रोग्राम पुन्हा तयार केला आणि राखणदारात भरला. तेव्हापासून तो ढिम्म! आज सूर्य मावळताना पिल्लं वाळूतून वर येणार होती, आणि कुत्री आत्तापासूनच माडाखाली टपून बसली होती.

"काय गो, नारळ कमी पडला काय त्याला?" कुत्र्यांवर काठी उगारत शेजारचे विश्रामकाका म्हणाले. "दे आता भंगारात."

"नाही देणार!" ऊर्मीला रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठे होता?

आत्या शांतपणे म्हणाली, "आपण लिहितो ते यंत्राला कळत नाही. कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवणारा दुभाषा) ते समजावून देतो. तुझा कंपायलर नववी आवृत्ती. तो नव्या चिपच्या आज्ञा वापरतो. राखणदाराची चिप जुनी. पणजीला कुणी 'लोकेशन टाक' म्हटलं, तर ती काय करील?"

"नुसती बघत बसेल."

"हाही तसाच बसलाय."

"मग नवव्याला जुनी बोली बोलायला सांगू?"

"ती त्याने केव्हाच टाकली. चौथी आवृत्ती हवी."

ऊर्मीने आत्याच्या जुन्या डिस्कवरून चौथी आवृत्ती संगणकात घातली, प्रोग्राम पुन्हा तयार केला आणि भरला. राखणदार हलला तर शपथ!

"पडद्यावर काय उमटतंय ते वाच," आत्या म्हणाली.

ऊर्मीने ओळ न ओळ वाचली आणि ओरडली, "अगं, हा अजून नवव्यालाच हाक मारतोय!"

"हा म्हणजे कोण?"

"बिल्ड टूल (प्रोग्रामचे तुकडे गोळा करून कंपायलरला कामाला लावणारा मुकादम). आपण दुभाषा दारात आणून उभा केला, पण मुकादमाला सांगितलंच नाही!"

तिने बिल्ड टूलच्या सेटिंगमध्ये लिहिलं, 'कंपायलर: आवृत्ती चार.' आज्ञा दिली, आणि काम डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं.

"इतक्यात? लबाड कुठला! नवव्याने मघाशी केलेलेच तयार तुकडे पुढे सरकवले मुकादमाने." ऊर्मीने ते सगळे तुकडे पुसले आणि पुन्हा आज्ञा दिली. या वेळी ओळी सावकाश उमटत गेल्या. प्रत्येकीत चौथी आवृत्ती होती. तिने प्रोग्राम राखणदारात भरला.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा राखणदार करकरत उठला. कुत्री शेपूट घालून पळाली. वाळू हलली, आणि इवलीशी पिल्लं धडपडत पाण्याकडे निघाली. विश्रामकाकांनी गुपचूप नारळ आणून फोडला. मान राखणदाराचा, खोबरं ऊर्मीचं.

"आत्या, आता चौथी आवृत्ती पुसून टाकू?"

"यातल्या माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला इकडेच परततील. त्याला बरीच वर्षं लागतात."

ऊर्मीने चौथी आवृत्ती आणि ती सेटिंगची ओळ प्रोग्रामच्या शेजारीच जपून ठेवली.

"येऊ देत त्यांना," ती म्हणाली. "राखणदार उभा असेल."