सत्तेचाळीस नंबरची पट्टी

कुवरसिंग आला तेव्हा तानुअक्का गच्चीवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे उलटत होत्या. त्यांचा भाचा झुलाल सावलीत बसून ऊन किती आहे ते त्यांना सांगत होता.

पोलिसात जायची ज्यांना लाज वाटे, ती जळगावची माणसं अक्कांकडे येत. अक्कांची शाळा दुसरीत सुटली होती. झुलाल बी.कॉम. होता. आजवरच्या तपासांत त्या बी.कॉम.चा उपयोग रिक्षा बोलावण्यापुरताच झाला होता.

"अक्का, पाच वाजता साहेब माझा राजीनामा घेणार आहेत," कुवरसिंग म्हणाला.

"काय केलं तू?"

"काही नाही."

"काही न करणाऱ्यालाच लवकर काढतात. बैस. बठ्ठं सांग, पहिल्यापासून."

कुवरसिंग चोपड्याच्या पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. त्या पाड्यावरून कॉम्प्युटर शिकलेला तो पहिलाच. सुकदेवरावांच्या कंपनीत तीन वर्षं प्रोग्राम लिहीत होता. सध्याचं काम धुळ्याच्या एका खासगी रक्तपेढीचं होतं. रक्ताची बाटली पस्तीस दिवस चालते; कोणती चालेल आणि कोणती फेकायची, ते या प्रोग्रामने सांगायचं.

"मेच्या दोन तारखेला मला चूक सापडली. प्रोग्राम प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरतो. एकतिसाचा महिना मध्ये आला की मुदत संपलेली बाटली एक दिवस चांगली दाखवतो. मी तक्रारीची चिठ्ठी लिहिली, सत्तेचाळीस नंबर. भिंतीवर तिची लाल पट्टी लागली. दुरुस्तीचं काम उद्यापासून नऊ दिवस. मधले दोन आठवडे मी साक्रीला दुसऱ्या कामावर होतो. आज सकाळी आलो तर लाल पट्टी नाही, चिठ्ठीही नाही. सत्तेचाळीसची निळी पट्टी लागलीय, आणि प्रोग्राम उद्याच धुळ्याला निघालाय."

"लाल-निळ्याचं काय?"

"लाल म्हणजे हे झाल्याशिवाय प्रोग्राम बाहेर जायचा नाही. निळी म्हणजे किरकोळ, पुढच्या वेळी पाहू. साहेब म्हणतात, निळी मीच लावायला सांगितली, आणि आता रक्ताचं प्रकरण अंगाशी येईल म्हणून लाल-लाल करतोय."

अक्कांनी हात धुतले. "चल."

"अक्का, आज रविवार," झुलाल म्हणाला. "ऑफिस बंद असेल."

"आमच्या औद्योगिक वसाहतीत गुरुवारी वीज नसते," कुवरसिंग म्हणाला. "सुट्टी गुरुवारी. रविवारी ऑफिस चालू."

"ऐकलं? आता रिक्षा बोलाव."

*

ऑफिसातली पश्चिमेची खिडकी उघडी होती आणि तिच्यासमोरची अख्खी भिंत आलेख कागदाने मढवलेली होती. वर तारखा. खाली घोटीव कागदाच्या रंगीत पट्ट्या, जितक्या दिवसांचं काम तितकी लांब. प्रत्येक पट्टीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला त्याच नंबरची तक्रारीची चिठ्ठी. तेवीस मेवर एक जाड काळी दोरी उभी ताणलेली होती.

"हा निघायचा दिवस," सुकदेवराव म्हणाले. साहेब तापले होते, पण अक्कांसमोर आवाज खाली होता. "पहिल्यांदा दोरी सहा जूनवर होती. आमचा नियम असा, की दोरीच्या डावीकडं एकही लाल पट्टी शिल्लक नको. काल शनिवारी संध्याकाळी पाहिलं, लाल एकही नव्हती. म्हटलं, मग कशाला थांबायचं? दोरी उद्यावर आणली."

"तुमच्या मनात आलं, की कुणी सुचवलं?"

"धुळ्याहून सारखी घाई चालूच होती. भिंत पाहिली, ठरवलं. आज सकाळी या कुवरसिंगनं चूक दाखवली. चूक खरी आहे, अक्का, मी डोळ्यांनी पाहिली. तीन आठवडे माहीत असून यानं ती किरकोळ म्हणून टाकली, एवढाच माझा राग."

अक्का भिंतीला गाल लावतील इतक्या जवळ गेल्या आणि कडेने पाहू लागल्या. झुलालनेही पाहिलं. बाकीच्या पट्ट्या उन्हाने विटल्या होत्या. सत्तेचाळीसची निळी तेवढी दुकानातून आणल्यासारखी. ती तीस मेच्या सोमवारपासून होती. आधी लांब तुकडा, मग आलेखाच्या एका घराची फट, मग आखूड तुकडा. तिच्या डावीकडे, तेवीस मेपासून, कागद नुसता रिकामा होता. झुलालला तिथे पाहण्यासारखं काही दिसलं नाही. अक्का मात्र तिथेच रेंगाळल्या.

"पट्ट्या कोण लावतं?"

"मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. केस पांढरे, कात्री गळ्यात दोरीने अडकवलेली. "चिठ्ठीवर जे असेल ते. इथं साठ पट्ट्या आहेत. कोणती कधी कुठं लावली, ते मला नाही आठवत."

"या पोराशी तुमचं पटत नाही म्हणे."

"मी पट्टी चुकीची लावली असं त्यानं साहेबांना सांगितलं होतं. चुकली नव्हती. तेव्हापासून मी बोलत नाही." त्यांनी कुवरसिंगकडे न पाहता कात्रीची टोकं पुसली. झुलालने मनातल्या मनात केस मिटवली.

"बाई, मला अडाणी बाईला हे समजत नाही. तेवीस तारखेपासून नऊ दिवसांचं काम असेल तर पट्टी कशी लावाल? करून दाखवा."

प्रमिलाबाईंनी पिवळा कागद कापला. एक आखूड तुकडा, फट, मग लांब तुकडा. शेवट एक जूनवर.

अक्कांनी तेच कुवरसिंगकडून करवून घेतलं. आखूड, फट, लांब. एक जून.

तिसरा माणूस रुपचंद. धुळ्याच्या शाखेत बसायचा, गिऱ्हाईक सांभाळायचा, प्रोग्राम न्यायला सकाळीच आला होता. कडक इस्त्री, खिशाला दोन पेन.

"मी धुळ्याचा माणूस, अक्का. भिंतीशी माझा संबंध काय? शुक्रवारी आलो होतो तेवढाच."

"शुक्रवारी काय काम काढलं होतं?"

"प्रोग्रामच्या उद्घाटनाच्या पत्रिका. दुपारी बाई जेवायला गेल्या होत्या, इथंच टेबलावर बसून उरलेली नावं लिहिली नि तीनशे पत्रिका पोस्टात टाकल्या. उद्या धुळ्यात मंडप लागेल, पाहुणे येतील, आणि या कुवरसिंगला एका दिवसाच्या फरकाची पडलीय."

"रक्त ज्याला चढतं त्याच्यासाठी एक दिवस पुष्कळ असतो, भाऊ. नऊ दिवसांची पट्टी लावून दाखवता?"

"आम्हा धुळेकरांना रविवारी राबवता, वर कागद कापायला लावता," रुपचंद हसला आणि कात्री घेतली. लांब तुकडा, फट, आखूड. एक जून.

"तिघांचं उत्तर एकच आलं," झुलाल अक्कांच्या कानाशी म्हणाला. "यातून काय निघालं?"

"तू बी.कॉम. कसा झाला, एवढंच समजायचं राहिलं."

*

पाचाला दहा मिनिटं असताना अक्का खुर्चीत बसल्या.

"सुकदेवभाऊ, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की मागं उजळ चौकोन राहतो. तुमच्या भिंतीवर रोज दुपारचं ऊन पडतं, कागद पिवळा पडलाय. आता निळीचं टोक उचलून इथं तिरपं बघा. तेवीस तारखेपासून एक जूनपर्यंत कागद उजळ शे. तिथं खूप दिवस पट्टी होती. आणि ही निळी ताजी, कोवळी. म्हणजे पोरगा खरं बोलतो. पट्टी होती, तुमच्या सहा जूनच्या दोरीच्या अलीकडं होती. कुणीतरी काढली आणि निळी बनवून पुढं ढकलली."

सुकदेवराव भिंतीशी गेले, तिरपे झाले, आणि मान डोलावत परतले.

"कुणी काढली? तुम्ही नाही. मालक हुकूम करतो, चोरून टाचण्या काढत नाही. भिंतीशी येणारे राहिले तिघं. नऊ दिवसांची पट्टी तिघांनी लावली, तिन्ही एक जूनला संपल्या. झुलालला वाटलं सारख्याच. पण तुकडे बघ, झुलाल. तेवीसला कोणता वार?"

"सोमवार."

"बाईंनी सोमवार, मंगळवार, बुधवार कापला आणि फट सोडली. कारण गुरुवारी इथं वीज नाही. पुढं शुक्रवारपासून बुधवार, सहा दिवस. कुवरसिंगनं तसंच. आधी आखूड, मग लांब. भिंतीवरचा उजळ डागही तसाच शे. आता ही निळी बघ. तीही सोमवारपासून. आधी लांब, मग आखूड. सोमवार ते शनिवार सहा दिवस, रविवारची फट, मग तीन. हा आठवडा जळगावच्या या ऑफिसचा नाही. ज्याची सुट्टी रविवारी असते त्याचा शे."

सगळ्यांनी रुपचंदकडे पाहिलं.

"मला इथली सुट्टी माहीत आहे की," रुपचंद म्हणाला.

"डोक्याला माहीत शे. हाताला नाही. मघाशी माझ्यासमोर तुमच्या हातानं रविवारच सोडला."

"हा काय पुरावा झाला?"

"नसेल. मग दुसरं सांगा. साहेबांनी दोरी उद्यावर आणली शनिवारी संध्याकाळी. तुम्ही पत्रिका टाकल्या शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी दोरी सहा जूनवर होती. मग पत्रिकेवर उद्याची तारीख कुठून आली?"

रुपचंदने खिशातलं एक पेन काढलं आणि परत खिशात लावलं. झुलालला पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न आपणही विचारू शकलो असतो.

"रक्तपेढीच्या डॉक्टरांना मी महिन्यापूर्वीच शब्द दिला होता," शेवटी रुपचंद म्हणाला. "तेवीस म्हणून. पत्रिका छापून बसलो होतो. भिंतीवर लाल दिसली असती तर साहेबांनी दोरी हलवलीच नसती. एका दिवसाचाच फरक होता. पुढच्या महिन्यात दुरुस्त झालंच असतं."

"चिठ्ठी?"

"फाडली."

"आणि याची नोकरी?"

रुपचंद कुवरसिंगकडे न पाहता म्हणाला, "माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"ते खरं बोलला," अक्का म्हणाल्या. "पाड्यावरचा शे, त्याच्यावरच येईल, हे तुला पक्कं माहीत होतं."

सुकदेवरावांनी रुपचंदला बाहेर बसायला सांगितलं. मग स्वतः भिंतीशी जाऊन काळी दोरी सोडवली. ती कुठेच न ताणता त्यांनी टेबलावर ठेवली.

"कुवरसिंग, चुकलो मी," ते म्हणाले.

"सकाळी ओरडलात तेव्हा दार उघडं होतं," अक्का म्हणाल्या. "आताही उघडून म्हणा."

सुकदेवराव दाराशी गेले. ते उघडून तेच पुन्हा मोठ्याने म्हणाले. बाहेरच्या चार टेबलांवरची माणसं काम थांबवून ऐकत राहिली. मग त्यांनी धुळ्याला डॉक्टरांच्या घरी फोन लावला. उद्या प्रोग्राम येणार नाही, मंडप उतरवा. त्यात चूक आहे. आमच्याच माणसाने ती शोधून लिहून ठेवली होती, आम्ही वाचली नाही. त्या माणसाचं नाव कुवरसिंग.

पलीकडून बराच वेळ मोठा आवाज येत राहिला. मग सुकदेवरावांनी रिसीव्हर पुढे केला.

"तुझ्याशी बोलायचंय म्हणतात. नवी तारीख हवी आहे. तूच सांग, आम्ही कुणी मध्ये बोलणार नाही."

कुवरसिंगने रिसीव्हर घेतला. प्रमिलाबाई, सुकदेवराव, झुलाल, सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो भिंतीकडे पाहत होता.

"डॉक्टरसाहेब, तारीख आज देत नाही," तो म्हणाला. "दुरुस्ती करतो, तुमच्याच जुन्या नोंदी घालून तपासतो, मग देतो. तोवर बाटलीवरची तारीख डोळ्यांनीच वाचा."

पलीकडून काहीतरी थोडक्यात बोलणं झालं आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" सुकदेवरावांनी विचारलं.

"म्हणाले, चालेल."