बंद बँकेच्या खिडकीत बाइना

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. प्राइमस गिलियार्डने हे स्वतः सांगितलं, आणि तो दारूला शिवत नाही.

साल १८७४. ऑगस्टमधला शनिवार, दुपारचे तीन. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचं पेल्हॅम गाव.

आमच्या, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांची बचत बँक बुडून दीड महिना झाला होता. सरकारने तिच्यावर प्रशासक नेमला होता. दाराला कुलूप. तरी शनिवारी लोक सवयीने पायरीवर जमायचेच.

प्राइमसही यायचा. दाराला कान लावून उभा राहायचा.

खेकडे विकणारी हॅगर त्याला चिडवायची. “काय प्राइमसभाऊ, माझे अठरा डॉलर आत जिवंत आहेत ना? की पुरले?”

लोक हसायचे. प्राइमस हसत नसे.

तो पैशांसाठी येतच नव्हता.

आमच्यातल्या बहुतेकांना सही येत नव्हती. म्हणून खातं उघडताना बँकेचा कारकून विचारून विचारून वहीत लिहायचा. जन्म कुठला, मालक कोण होता, आईबाप, जोडीदार, मुलं, कोण कुठे विकलं गेलं. पुढे पैसे काढताना तेच प्रश्न पुन्हा. तीच आमची ओळख.

सहा वर्षांपूर्वी प्राइमस आणि त्याची बायको बाइना असेच बँकेत कारकुनाच्या खिडकीशी उभे होते.

“मुलं?” कारकुनाने विचारलं.

“नाहीत,” प्राइमस म्हणाला.

बाइना शेजारीच उभी होती.

तिला दोन मुलं होती. प्राइमसच्या आधीची. गुलामी संपवणाऱ्या युद्धापूर्वी मालकाने ती अलाबामाला विकली होती.

घरी येताना ती म्हणाली, “अरे, वहीत नावं असली तर पोरं कधीतरी माग काढत येतील. लिहायला सांग ना.”

“पुढच्या शनिवारी जाऊ.”

तिने नावं सांगायला तोंड उघडलं की हा जाळं उचलून नदीवर जायचा. त्याच्यापासून तिला मूल झालं नव्हतं. ते त्याला टोचायचं.

पुढचा शनिवार सहा वर्षं आला नाही.

यंदाच्या, चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये बाइना तापाने गेली. जूनअखेर बँक बंद पडली.

पहिल्यांदा ऐकू आलं ते जुलैत. कुलूपबंद दारामागे… कागदावर टाक फिरल्याचा आवाज.

मग तो थांबला.

मग कुणीतरी हलकेच श्वास घेतला… बोलायच्या आधी बाइना घ्यायची तसा.

पण पुढे शब्द नाही. दर शनिवारी एवढंच.

त्या दिवशी मात्र दार उघडलं. प्रशासकाचा माणूस वेनराइट वह्या खोक्यांत भरून चारच्या बोटीने न्यायला आला होता. प्राइमस त्याच्या मागोमाग आत शिरला.

“साहेब, माझ्या पानावर दोन नावं लिहायची राहिलीत.”

“आता काही लिहिता येत नाही, काका. वह्या बंद झाल्या.”

“दोनच नावं आहेत, साहेब.”

वेनराइटला दया आली असावी. त्याने खिशातून चिठोरं काढलं. “सांग, यावर लिहून ठेवतो. कोणती नावं?”

प्राइमसने तोंड उघडलं.

त्याला नावं ठाऊकच नव्हती.

तेवढ्यात… त्या खिडकीतून श्वास ऐकू आला.

खिडकीपाशी कोणी नव्हतं. धूळ होती, ऊन होतं.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ती थांबली होती. कुणीतरी विचारायची वाट बघत.

त्याने टोपी काढली.

“बाइना… मुलं?”

“डॉर्कस,” ती म्हणाली. अगदी समोरून. “नऊ वर्षांची होती. आणि मिंगो. तो अजून अंगावर पीत होता.”

दाराशी हॅगरची टोपली धपकन खाली पडली. खेकडे फरशीभर पळाले. तिला उचलायचं भान नव्हतं.

“काय झालं?” वेनराइट म्हणाला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

प्राइमसने नावं सांगितली. वेनराइटने लिहून घेतली.

तेव्हाच तो बाहेर आला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्याने राहवलं नाही. खिडकीकडे वळून त्याने हळूच विचारलं,

“आणि नवरा?”

…

काही आलं नाही. श्वाससुद्धा नाही.

खोकी चारच्या बोटीने गेली.

ती दोन नावं आमच्या चर्चमध्ये, ताटातूट झालेल्या नातलगांच्या यादीत, अजून दर रविवारी वाचतात. अलाबामाहून अजून कोणी आलेलं नाही. हॅगरला विचारलं तर ती म्हणते, “मी काही ऐकलं नाही.” आणि विषय बदलते.

त्या जागी आता घोड्यांच्या दाण्याचं दुकान आहे. प्राइमसकडे घोडा नाही. तरी शनिवारी तो जातो, जुनी खिडकी होती तिथे वाकतो आणि हळूच काहीतरी विचारतो.

“काय पाहिजे, काका?” दुकानदार म्हणतो.

प्राइमस हात वर करून त्याला गप्प करतो.

बराच वेळ ऐकत राहतो.

मग घरी जातो.