नऊ नंबरचा चेंडू बाभळीतच का जातो?

चार नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू जवळजवळ सरळ जायचा. सात नंबरने मारला की जरा डावीकडे. आणि नऊ नंबरने मारला की थेट डावीकडच्या बाभळीत! हे कोडं जुईलीच्या डोक्यात कितीतरी दिवस घोळत होतं. गंमत अशी, की ज्यांचे चेंडू बाभळीत जात होते त्या आबांना यात कोडं वगैरे काही दिसतच नव्हतं.

"माझे हात गेले गं," ते म्हणायचे. "बाकी काही नाही."

आबा म्हणजे जुईलीच्या आईचे वडील, डॉ. मंदार चौबळ. ते वजनमापांचे शास्त्रज्ञ. दुकानातले काटे, सोनारांचे तराजू, विजेच्या गाड्यांना वीज मोजून देणारे खांब, हे सगळं खरं बोलतंय की थापा मारतंय, ते तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते हौसेने गोल्फ शिकले. दर रविवारी सकाळी नाशिकबाहेरच्या मैदानावर ते खेळायचे आणि जुईली त्यांच्याबरोबर चालायची. चालता चालता गप्पा व्हायच्या. ढग का पडत नाहीत इथपासून वर्गात कोण कोणाशी बोलत नाही इथपर्यंत. अकरा वर्षांच्या मुलीचं म्हणणं इतका वेळ ऐकून घेणारं घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून हे रविवार तिला जिवापाड आवडायचे.

मध्यंतरी आबांनी नव्या आयर्नचा संच मागवला. आयर्न म्हणजे लोखंडी पात्याची काठी. प्रत्येक काठीला नंबर असतो, आणि जसा नंबर वाढतो तसा चेंडू जास्त उंच आणि कमी लांब जातो. आबांनी घरबसल्या पडद्यावर आपली माहिती भरली आणि त्यांच्यासाठी खास बनवलेला संच दारात हजर झाला. तेव्हापासून बाभळीला चेंडू लागायला सुरुवात झाली.

आबांच्या थोरल्या भावाला उतारवयात कंपवात (हात थरथरण्याचा आजार) झाला होता. आता आपली पाळी, असं आबांनी मनाशी ठरवूनच टाकलं. डॉक्टरांकडे जायला मात्र तयार नाहीत. या रविवारी ते खेळायला आलेच नव्हते. संच परत करायचा आणि गोल्फला रामराम ठोकायचा, एवढ्यासाठीच आले होते.

"मग रविवारी आपण काय करायचं?" जुईलीने विचारलं.

"घरी बसू. पडद्यावर काहीतरी बघू," आबा म्हणाले.

मैदानाच्या कडेला संच बनवणाऱ्या कंपनीचं माप-दालन होतं. तिथे खेळाडूच्या मापाने काठ्या नीट करून मिळत. तिथल्या यंत्रमानवाला सगळे मापाडी म्हणत, कारण धान्यबाजारात माल मोजून देणाऱ्या माणसालाही मापाडीच म्हणतात. त्याला चार हात होते आणि स्वभाव गरीब होता.

"परत घेतो," मापाडी नम्रपणे म्हणाला. "कारण काय लिहू?"

"खेळणारा निकामी झाला, असं लिही."

"असं कारण मला शिकवलेलं नाही, साहेब."

"थांब, मापाडी!" जुईली मध्येच म्हणाली. "आधी मला एक सांग. आबाचे हात बिघडले असतील, तर सगळेच चेंडू बिघडायला हवेत ना? चार नंबरचा का नाही बिघडत?"

मापाडीच्या डोळ्यांतले दिवे एकदम प्रखर झाले. "हे आपण त्या आयर्नलाच विचारू या," तो म्हणाला.

त्याने चार नंबरचं आयर्न जुईलीच्या हातात दिलं आणि पात्यावर एक लोहचुंबकाची सळई चिकटवली. सळई पात्यावर ताठ उभी राहिली. "सळई दाखवते तिकडे चेंडू जाणार, असं समज. आता पात्याचं बाहेरचं टोक जरा उचल. दांड्याजवळच्या टोकाला आम्ही टाच म्हणतो आणि या बाहेरच्या टोकाला चवडा."

जुईलीने चवडा उचलला. सळई जेमतेम हलली.

"आता नऊ नंबर घे."

नऊ नंबरचं पातं आरामखुर्चीच्या पाठीसारखं मागे कललेलं होतं, त्यामुळे सळईचं तोंड बरंच वर आभाळाकडे होतं. जुईलीने पुन्हा चवडा तेवढाच उचलला. सळई चांगलीच डावीकडे फिरली!

"अय्या! बाभळीकडे!"

"बरोबर. पातं जेवढं उभं, तेवढा कमी फरक चवडा उचलल्याने पडतो. पातं जेवढं मागे कललेलं, तेवढी सळई जास्त वळते. चार नंबरचं पातं बरंचसं उभं असतं, म्हणून चूक लपते. नऊ नंबर चहाडी करतं."

जुईलीला हे पटलं, तरी खात्री हवीच होती. मापाडीने नऊ नंबरच्या तळाला पांढरी चिकटपट्टी लावली आणि एका काळ्या फळीवरून आबांना चेंडू मारायला सांगितलं. आयर्न फळीला जिथे घासेल तिथे पट्टीवर काळी खूण उठणार होती. आबा कुरकुरले, पण नातीच्या हट्टापुढे त्यांचं कधी काही चाललं होतं? त्यांनी बरेच फटके मारले आणि दर फटक्याला मापाडीने पट्टी बदलली. मग त्याने सगळ्या पट्ट्या एका ओळीत मांडल्या.

सगळ्या खुणा टाचेजवळ होत्या. म्हणजे फटक्याच्या वेळी टाच खाली टेकत होती आणि चवडा वर राहत होता. पण आबांचं लक्ष दुसरीकडेच गेलं. ते खाली वाकले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"सगळ्या एकाच जागी आहेत," ते पुटपुटले.

"म्हणजे काय, आबा?"

आबा बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज प्रयोगशाळेतला झाला होता. "काटा दोन तऱ्हांनी चुकतो बघ. एकदा जास्त दाखवतो, एकदा कमी, काही ताळतंत्रच नाही, असा काटा बिघडलेला. पण दर वेळी नेमकी तेवढीच चूक करणारा काटा बिघडलेला नसतो. त्याचं फक्त शून्य सरकलेलं असतं. ते जागेवर आणलं की झालं." त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. "थरथरणाऱ्या हाताच्या खुणा चहूकडे उडाल्या असत्या गं."

"मी डॉक्टर नाही," मापाडी म्हणाला, "त्यांना एकदा दाखवाच. पण इतक्या नेमक्या खुणा मी तरुण खेळाडूंच्याही फारशा पाहिल्या नाहीत."

"मग शून्य कोणाचं सरकलंय?" जुईलीने विचारलं.

"साहेब, पडद्यावर उंची किती भरली होती?"

"पाच फूट नऊ."

"मोजून भरलीत?"

"त्यात मोजायचं काय? कॉलेजात असल्यापासून तेवढीच आहे!" आबा भडकले. जन्मभर जगाचं माप काढणारा माणूस, पण स्वतःचं माप म्हटलं की नाकावर राग!

जुईली त्यांच्याजवळ गेली. "आबा, एखादा दुकानदार तुला म्हणाला असता, की माझा काटा कॉलेजात असल्यापासून बरोबर आहे, तर तू न तपासता शिक्का मारला असतास?"

आबा हसू दाबत बूट काढून भिंतीशी उभे राहिले.

उंची भरली पाच फूट सात. मापाडीने मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतरही घेतलं.

"दोन इंच गेले कुठे?" आबांनी हळूच विचारलं.

"पाठीत," मापाडी म्हणाला. "मणक्यांच्या मध्ये मऊ चकत्या असतात. वय वाढतं तसं त्यांच्यातलं पाणी कमी होतं, त्या पातळ होतात, पाठही जरा वाकते. सगळ्यांचंच होतं. हात मात्र तेवढेच लांब राहतात, म्हणून तळहात जमिनीच्या जवळ येतात. हात खाली आले की दांडा आडवा होतो, आणि दांडा आडवा झाला की..."

"चवडा वर!" जुईली ओरडली. "आबा, हा संच तुझ्या लग्नाच्या फोटोतल्या आबासाठी बनवलाय!"

आबा खळखळून हसले. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मापाडीने नऊ नंबरचं पातं पकडीत घट्ट धरलं. पातं दांड्याला जिथे जोडलेलं असतं त्या मानेला त्याने लांब तरफेने अगदी थोडा बाक दिला, दोनच अंशांचा. मग वरच्या टोकाने दांडा जरासा कापला आणि मूठ पुन्हा बसवली. दिसायला आयर्न होतं तसंच होतं.

आबा मैदानावर उभे राहिले. जुईलीने श्वास रोखून धरला. फटका बसल्याचा आवाज आला आणि चेंडू उंच चढला, आभाळात क्षणभर रेंगाळला आणि समोरच्या झेंड्याच्या रोखाने सरळ उतरला. बाभळीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"हात शाबूत आहेत गं माझे," आबा म्हणाले. ते एकदाच म्हणाले, पण जुईलीला तेवढं पुरलं; तिने धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"बाकीची आयर्नही नीट करून ठेवतो," मापाडी म्हणाला. "पण दरवर्षी माप द्यायला यावं लागेल, साहेब. अंग बदलत राहतं."

"येऊ की. हिचंही माप घे. तिलाही शिकवतो आता." आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी थोडा थोडा उतरत जाणार, ही भराभरा वाढत जाणार."

मापाडीने क्षणभर हिशेब केला. "मग एखाद्या वर्षी तुमचं दोघांचं माप एकच येईल. त्या वर्षी दोघांत एकच संच पुरेल."

ते वर्ष कधी येईल कोण जाणे. पण त्या वर्षातला एक रविवार जुईलीला आत्ताच दिसला: ती आणि आबा, खांद्याला खांदा लावून उभे. तिने आबांचा हात धरला आणि विचारलं, "आबा, पुढचा चेंडू मी मारू?"