लंबूची करंगळी

रविवारी दुपारी जेवण उरकून मावशी नर्सिंगच्या शाळेत किल्ली मागायला गेली. इस्पितळात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. एकोणीस वर्षं वॉर्डातली भांडी, चादरी आणि माणसं उचलता उचलता तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. उद्या दहाला तिची तोंडी परीक्षा होती. पास झाली तर मदतनीस नर्स, नाही तर आहेच झाडू.

झाडूचं तिला काही नव्हतं. मनाला लागला होता तो नऊ नंबरच्या खाटेवरचा म्हातारा. गेल्या वर्षी तो कळवळत होता, सिस्टर ऑपरेशनला गेलेल्या, म्हणून फोन हिनंच केला. "इथं दुखतंय म्हणतात हो," ती सांगत राहिली. "इथं म्हणजे कुठं, मावशी? मला फोनवर दिसतंय का?" डॉक्टर दुसरी कामं उरकून आले तोवर म्हातारा गेला होता. आपल्याकडे शब्द नव्हता म्हणून माणूस गेला, असं तिनं धरून ठेवलं होतं, आणि ते खोटं आहे असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

किल्लीवाल्या काकांनी किल्ली दिली, पण लगेच सोडली नाही.

"शिकताना हात आपल्या अंगाला लावायचा. लंबूला नाही."

"का हो, चावतो की काय?"

"रीत आहे," काका म्हणाले, आणि हसले नाहीत.

लंबू म्हणजे वर्गाच्या कोपऱ्यात टांगलेला सांगाडा. खऱ्या हाडांचा, तारेनं जोडलेला. त्याच्या डाव्या हाताची करंगळी कधीची हरवली होती. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घशात बसत होता.

बाईंनी वर्गात एक युक्ती शिकवली होती: हात ठेवायचा आणि 'माझं' म्हणून नाव घ्यायचं, म्हणजे डोक्यात पक्कं बसतं. पण मावशीचा हात जन्मभर दुसऱ्यांच्याच अंगावर फिरलेला. स्वतःच्या पायाला तिनं शेवटचा कधी हात लावला होता, देव जाणे. सवयीनं तिनं लंबूचाच हात हातात घेतला.

"हे माझं मनगट, कार्पल. हा माझा खवाटा, स्कॅप्युला. ही माझी नडगी, टिबिया." तासाभरात सगळं पाठ झालं. करंगळीच्या जागी नुसती तार होती, ती चिमटीत धरून मावशी म्हणाली, "आणि ही माझी करंगळी."

उठताना तिची नडगी स्टुलावर सणकून आपटली.

दुखलं नाही.

तिनं मनगटाला चिमटा काढला. काहीच नाही. खांदा चाचपला, तर दुसऱ्याच कुणाचा चाचपावा तसा. तेवढ्यात मागून तारा किणकिणल्या, आणि तिच्याच आवाजात कुणीतरी हळू, घोकत असल्यासारखं म्हणालं,

"माझी नडगी... टिबिया... माझं मनगट..."

मावशी घाबरली. दार चार पावलांवर होतं, पण पाय आपले आहेत की नाहीत हेच कळेना. आणि मग तिला राग आला. एवढ्या वयात, घरचं सगळं आवरून, जागून जागून शिकलेले शब्द, आणि ते या टांगलेल्यानं फुकटात न्यायचे?

"ए लंबू," ती वळून म्हणाली. "एकोणीस वर्षं तुझ्यासारख्यांना उचलून ठेवतेय मी. मला भिववतोस?"

ती खाली बसली. दोन्ही हातांनी स्वतःची नडगी आवळली आणि ओरडली, "माझी! टिबिया!" ठणका डोक्यापर्यंत गेला. एवढं गोड दुखणं तिला कधी दुखलं नव्हतं. मनगट, कोपर, खवाटा, बरगड्या, खुबा, गुडघ्याची वाटी... एकेक नाव घेत तिनं स्वतःला परत घेतलं. कोपऱ्यातला आवाज प्रत्येक नावाला बारीक होत गेला.

राहिली डाव्या हाताची करंगळी. तीनदा नाव घेतलं, दाबली, चावली. ती थंडच राहिली.

"बरं, ठेव," ती धापा टाकत म्हणाली. "पण पुढच्या बोटाला हात लावलास तर तारा सोडवून पोत्यात भरीन."

सोमवारी परीक्षक बाईंनी लंबूचा डावा हात उचलला. "या बोटांची हाडं किती?"

"चौदा."

"बरोबर."

दारात उभे असलेले काका पुटपुटले, "कालपर्यंत अकराच होती." मग त्यांनी मावशीच्या हाताकडे पाहिलं. तिनं तो पदराखाली घेतला. ती पास झाली.

महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी, नऊ नंबरची खाट पुन्हा कळवळली. या वेळी एक बाई होती. मावशीनं डाव्या हातात फोन धरला.

"डॉक्टर, नऊ नंबर. उजवीकडं, शेवटच्या बरगडीखाली. कळ मागं उजव्या स्कॅप्युलापर्यंत जातेय..."

बोलता बोलता तिच्या बधिर करंगळीला स्पर्श झाला. कुणीतरी ती चिमटीत धरली होती. शाळा बंद होती, आणि परीक्षेनंतर काकांनी तिच्याकडेच सोपवलेली तिथली किल्ली तिच्या कमरेला होती. चिमटी सुटली. मग सावकाश शेजारच्या बोटावर आली, आणि दाबू लागली.

मावशीनं फोन सोडला नाही.

"...ताप आहे, डोळे पिवळे दिसतायत. लगेच या."

"निघालोच," डॉक्टर म्हणाले.

तिनं फोन ठेवला. मग ते बोट उजव्या मुठीत घट्ट आवळलं आणि भर वॉर्डात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं."

मुठीच्या आत कुणीतरी अजून ओढत होतं.