पाऊण सेकंदाची शेळी

कानडी मुलखात, इंदिरानगरातल्या भाड्याच्या घरात संगणक आला, त्या दिवशी सुखदाने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. इंजिनियरच्या घरात हे काय, म्हणून शंतनुने तिची यथेच्छ टिंगल केली. ते कुंकू सत्त्याण्णवच्या डिसेंबरातही मॉनिटरच्या माथ्यावर होतं. सुखदा जाऊन दोन महिने झाले होते.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीसाठी नवरा-बायकोने मिळून एक गेम केला होता, 'अध्यक्षांची खुर्ची'. दिल्लीत सरकारं पडत होती, मंडळातही अध्यक्षपदावरून धुसफूस चालली होती, विषय आयताच मिळाला. रेडा, कोल्हा, कोंबडा आणि शेळी अशी चार जनावरं. खेळायला माणसं चार आणि कीबोर्ड मात्र एकच, ज्याने त्याने आपापला कोपरा धरायचा. जो खुर्चीवर चढेल त्याच्या गळ्यात हार पडायचे, पोट सुटायचं, आणि बाकीच्यांनी लाथ घालून त्याला खाली आणायचं. चित्रं सगळी सुखदाची. मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब कोंबड्यात स्वतःला ओळखून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते.

शेळीचा आवाजही सुखदाचाच. खुर्चीवरून पडली की शेळी 'बें' करायची. रेकॉर्डिंगच्या वेळी 'बें' करून झाल्यावर सुखदा पुढे काहीतरी बोलली होती. पण सगळा गेम एका फ्लॉपीत मावायला हवा होता. शंतनुने पाऊण सेकंद ठेवला आणि पुढचं उडवून टाकलं. ती काय बोलली होती ते त्याने धड ऐकलंही नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ती शिवाजीनगरला सामान आणायला गेली. परतताना स्कूटर घसरली.

लग्नाच्या कॅसेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई चढवलेली. घरात तिचा आवाज म्हणून कुठे शोधायचा, तर तो एवढाच उरला होता, शेळीचा. देवाने थट्टा करावी तरी किती!

सुखदाची आई, प्रमोदिनीबाई, पुण्याहून येऊन राहिल्या होत्या. एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, तिचा आवाज कुठे ठेवलाय का हो, शंतनुराव? त्याला सांगायची लाज वाटली. पण सांगितलं.

चौघांनी बटण दाबल्याशिवाय गेम सुरूच होत नसे. म्हणून वरच्या मजल्यावरच्या घरमालकांना बोलावलं. शिवकुमार मूळचे निपाणीचे, मराठी-कन्नड दोन्ही घरचंच. त्यांची बायको पवित्रा सुखदाला धाकट्या बहिणीसारखी मानायची. रविवारी दुपारी चौघं एका टेबलाशी खांद्याला खांदा लावून बसले. शेळी अर्थातच प्रमोदिनीबाईंनी घेतली, रेडा शंतनुने.

बसल्यावर मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. शेळी पडल्याशिवाय ओरडत नाही. आईने लेकीला खुर्चीवर चढवायचं आणि नवऱ्याने लाथ मारायची, तेव्हा कुठे तो आवाज. शंतनुने बटणावर बोट ठेवलं, उचललं, आणि मग लाथ मारली.

'बें.'

प्रमोदिनीबाई रडल्या, हसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा.

दुसऱ्या रविवारी 'बें'च्या मागोमाग बांगड्या वाजल्या. पवित्राने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. शंतनु डोकं ठिकाणावर ठेवणारा माणूस. त्याने फाईल तपासली. लांबी पाऊण सेकंद, तारीख ऑगस्टचीच. स्पीकरची वायर बदलली. फ्लॉपी ऑफिसात नेऊन दुसऱ्या मशीनवर लावली, तिथे नुसतंच 'बें' ऐकू आलं. घरी मात्र बांगड्यांनंतर एक श्वास आला, खोल घेतलेला. काही बोलण्याआधी माणूस घेतो तसा.

मग शंतनु आणि प्रमोदिनीबाई, दोघांनाही त्याचं वेडच लागलं. जितक्या लाथा, तितका आवाज पुढे सरके. आता रोज दुपारी शंतनु ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून येई. शिवकुमार भिडेखातर कोल्हा धरून बसत. पवित्राने कोंबडा कोपऱ्यात नेऊन उभा केला तो केलाच.

चौथ्या दिवशी शेळी लंगडायला लागली. तशी चालण्याची चित्रं सुखदाने काढलीच नव्हती. शंतनुने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याच दिवशी श्वासानंतर ती म्हणाली, "शंतनु..."

अगदी तीच. शेवटचा 'नु' ओढणारी. तो हुंदके देत टेबलावर डोकं टेकून राहिला.

"बेडा, अक्का," पवित्रा प्रमोदिनीबाईंचा हात धरून म्हणाली. "नको आता. पडतेय ती."

स्वल्प थांबू या की, असं शिवकुमारही पुटपुटले.

"एकदाच," शंतनु म्हणाला. "वाक्य पुरं होऊ दे तिचं. मीच तोडलं होतं ते."

प्रमोदिनीबाईंनी हात सोडवून घेतला. त्यांनी शेळी खुर्चीकडे नेली. लंगडत, थांबत ती वर चढली. गळ्यात हार पडला.

शंतनुने लाथ मारली.

'बें.' बांगड्या. श्वास.

"शंतनु, पुरे रे. लागतंय मला."

आवाजात हसू नव्हतं.

चौघांचेही हात कीबोर्डवरून उठले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी घासाघीस करत होतं.

पडद्यावर शेळी उठून कशीबशी पुन्हा खुर्चीवर चढली. आणि रेडा वळला.

"मी नाही," शंतनु म्हणाला. त्याचे दोन्ही हात छातीशी होते. "आई, मी नाही करत हे."

रेडा खुर्चीकडे चालू लागला.

शंतनुने भिंतीतला प्लग उपटला. पडदा विझला, संगणकातला पंखा थांबला, स्पीकर गप्प झाला. खोलीत दुपारचं ऊन तेवढं राहिलं. शंतनु प्लग हातात धरून तसाच खाली बसला.

प्रमोदिनीबाईंनी मात्र हात पुढे करून शेळीचं बटण घट्ट दाबून धरलं होतं.

"बसू दे तिला," त्या हलक्या आवाजात म्हणत होत्या. "जरा बसू दे."

कीबोर्डच्या दुसऱ्या टोकाला, शंतनुच्या कोपऱ्यातलं लाथेचं बटण खाली गेलं. वर आलं.

मग पुन्हा खाली गेलं.